शिक्षेचे माप

गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस उरले असताना आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या फळ्यावर एक नोटीस लागली. नोटीस इंग्रजीत होती. पहिल्या दोन ओळींत वाहनतळात क्रिकेट खेळण्यास मनाई होती आणि तिसऱ्या ओळीत, ही मनाई मोडणाऱ्यास 'स्ट्रिक्ट पनिशमेंट विल बी मीट आउट' अशी धमकी होती. खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का.

मी चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आहे. निवृत्त झालो तरी लाल शाईची सवय काही सुटत नाही. 'मीट' हा शब्द सेक्रेटरींनी दोन 'ई' घालून लिहिला होता. माझ्यासोबत भाजीची पिशवी धरून उभ्या असलेल्या नातीनेही नोटीस वाचली. ती सातवीत आहे.

"आजोबा, मीट म्हणजे भेटणे ना?"

"हो."

"मग बरोबर आहे. शिक्षा भेटेल."

आता हिला काय सांगावे? आमच्या द्रोणागिरीत काय, साऱ्या नव्या मुंबईतच हल्ली सगळे काही 'भेटते'. दुकानात साखर भेटते, परीक्षेत मार्क भेटतात, लोकलमध्ये खिडकीची जागा भेटते. माणसे भेटतात आणि वस्तू मिळतात, हे सांगून सांगून मी थकलो. तेव्हा तिच्या हिशेबाने शिक्षाही भेटणारच. सेक्रेटरींचे चुकलेले इंग्रजी आणि नातीचे चुकलेले मराठी यांची जिन्याखाली अशी गाठ पडली.

वर आल्यावर मी तिला समोर बसवले. उच्चार एकच, पण इंग्रजीत 'मीट' तीन. दोन 'ई'चा मीट म्हणजे भेटणे. 'ई' आणि 'ए' मिळून झालेला मीट म्हणजे मांस. तिसरा एम, ई, टी, ई असा लिहितात. त्याच्यात मधे एक 'ई' आणि शेवटी एक 'ई'. शिक्षेच्या कामाचा तो हा तिसरा. आपल्याकडे पहिल्याच्या जागी तिसरा आणि तिसऱ्याच्या जागी पहिला सर्रास बसतो. 'खर्च भागवणे' या अर्थीसुद्धा आपली माणसे 'मीट'ला विनाकारण 'आउट'चे शेपूट लावतात. त्या 'आउट'ची तिथे काहीच गरज नसते.

हा तिसरा 'मीट' फार जुना. त्याचा मूळ अर्थ शिक्षेशी संबंधित नव्हताच. त्याचा अर्थ होता मापणे. जर्मन भाषेत मोजण्याला 'मेसेन' म्हणतात, तो याचा भाऊबंद. १६११ साली निघालेल्या बायबलच्या इंग्रजी अनुवादात हे क्रियापद मापण्याच्याच अर्थाने येते. मॅथ्यूच्या सातव्या अध्यायात येशूचे सांगणे असे, की दुसऱ्याला ज्या मापाने घालाल त्याच मापाने तुमच्याही पदरात पडेल. शेक्सपिअरने आपल्या एका नाटकाला 'मेझर फॉर मेझर' हे नाव दिले ते यावरूनच. त्यात लोकांना कायद्याचे कठोर माप लावणारा अधिकारी स्वतःच त्याच गुन्ह्याच्या वाटेला जातो.

पुढे मापण्याचे साधे काम 'मेझर'ने बळकावले आणि बिचाऱ्या 'मीट'कडे 'आउट'च्या जोडीने मापून देण्याचे काम राहिले. तेही बहुतेक शिक्षा, न्याय आणि वागणूक या तीनच गोष्टींचे. व्याकरण सोपे आहे. जे द्यायचे ते कर्म, आणि ज्याला द्यायचे त्याच्यामागे 'टु'. मुलाला 'मीट आउट' करता येत नाही. मुलाला शिक्षा 'मीट आउट' करता येते. भूतकाळी 'मीटेड आउट'. वर्तमानपत्रात कर्मणी प्रयोगच जास्त, कारण शिक्षा कोणी दिली हे सांगायचे टळते.

त्याची भावंडेही मजेदार आहेत. 'डिश आउट' म्हणजे ताटात वाढल्यासारखी देणे. त्यात हात सैल. 'डील आउट' म्हणजे पत्ते वाटल्यासारखी. 'डोल आउट' म्हणजे थोडी थोडी, धर्मादाय वाटावा तशी. या सगळ्यांत माप हातात घेऊन उभा आहे तो एकटा 'मीट आउट'.

"आणि मराठीत?" नातीने विचारले.

मराठीत आपण शिक्षा करतो, देतो, सुनावतो, फर्मावतो आणि ठोठावतो. 'ठोठावणे' या शब्दात माप नाही, दणका आहे. दार ठोठावावे तशी आपण शिक्षा ठोठावतो. मात्र 'माप पदरात घालणे' हा आपला वाक्प्रचार थेट त्या इंग्रजी क्रियापदाच्या शेजारी जाऊन बसतो. ज्याचा जेवढा दोष तेवढा त्याच्या पदरात. आमच्या लहानपणी घरात चिपटे, मापटे, शेर, पायली अशी मापे ओळीने ठेवलेली असत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आई भाताचे माप भरून वरून हात फिरवी, म्हणजे शीग राहत नसे. शीग लावून द्यायचे की हात फिरवून, हे देणाऱ्याने आधी ठरवायचे. शिक्षेतही तेच.

याहून नवल 'दंड' या शब्दाचे. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे शिक्षा, आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत दंड म्हणजे चार हातांचे एक मापही. जमीन मोजायची काठी आणि अपराध्याला शासन करायची काठी, नाव एकच! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात म्हटले आहे, की फार कडक दंड करणाऱ्या राजाला लोक कंटाळतात, फार मऊ दंड करणाऱ्याची अवज्ञा होते, आणि ज्याला जेवढा योग्य तेवढा दंड करणाराच पूज्य ठरतो. इंग्रजांच्या 'मीट'मध्ये जे आहे ते आपल्या 'दंडा'त आधीपासून होते.

एवढे शब्दपांडित्य झाल्यावर मी पेन्सिल घेऊन खाली गेलो आणि नोटिशीतला 'मीट' दुरुस्त करून आलो. चूक केली ती इथे.

संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब दारात उभे. मला वाटले, रागावले असतील. पण ते म्हणाले, "सर, तुम्ही शब्द दुरुस्त केलात, बरे झाले. आता शिक्षाही तुम्हीच ठरवा. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. तुम्ही मास्तर. मुलांना शिक्षा देण्यात तुमची हयात गेली."

हकिगत अशी होती. मुलांच्या चेंडूने दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या मोटारीची पुढची काच फुटली होती. मोटार नवी, गृहस्थ तापट. फटका कोणी मारला हे मुले सांगेनात. तेव्हा कमिटीतल्या काही जणांचे म्हणणे असे, की यंदा आवारात किल्ला करायचा नाही. सगळ्यांनीच नाही. सुट्टी संपेपर्यंत खाली खेळायलाही उतरायचे नाही.

मुंबईकडच्या मुलाला दिवाळीत फटाके नाही मिळाले तरी एक वेळ चालेल. पण किल्ला नाही म्हणजे दिवाळीच नाही. आमच्या मुलांनी तर यंदा शिवनेरी-रायगड सोडून इथलाच किल्ला करायचे ठरवले होते. करंजाजवळच्या द्रोणागिरी डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मारुतीने उचललेल्या द्रोणागिरीचा एक तुकडा इथे पडला, अशी आख्यायिका आहे. गच्चीवरून दिसणारा तो डोंगर मुलांनी वहीत काढून ठेवला होता. विटा जमवल्या होत्या, माती आणली होती. माझी नातही त्यात होती, आणि चेंडूच्या दिवशी ती शिकवणीला गेली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चौतीस वर्षांत मी किती शिक्षा मापून दिल्या आणि किती ठोठावल्या, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला.

पहिली आठवली ती आपणा सर्वांना ठाऊक असलेली टिळकांच्या शाळेतली गोष्ट. वर्गात शेंगांची टरफले पडली होती, मास्तरांनी सगळ्यांनाच ती उचलायला सांगितली, आणि ज्याने शेंगा खाल्ल्याच नव्हत्या त्या मुलाने साफ नकार दिला. ही गोष्ट आपण मुलांना बाणेदारपणाचा धडा म्हणून सांगतो. मास्तर लोकांनी ती स्वतःला वेगळ्या कारणासाठी सांगायला हवी. सरसकट दिलेल्या शिक्षेत माप नसतेच. ज्याचे त्याला ओळखण्याचे कष्ट टाळण्यासाठी आपण सगळ्यांना सारखे वाढतो.

पुढे त्याच टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड झाला. माप अगदी चोख होते: कलम होते, ज्यूरी होती, ज्यूरीत सात विरुद्ध दोन अशी मते पडली होती. शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील! पण १९५६ साली त्याच न्यायालयात, मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते, टिळकांच्या स्मृतिशिलेचे अनावरण झाले. ज्या घराने माप घातले त्याच घराने ते खोटे होते असे दगडावर कोरून ठेवले. पंगतीत वाढपी कोण आहे याला महत्त्व असते, तसे माप कोणाच्या हातात आहे यालाही असते.

आणि हे पाहायला दूर कशाला जावे? आम्ही राहतो त्या उरण तालुक्यातच चिरनेर आहे. १९३० साली महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या रानात आगरी, कोळी, कातकरी असे आसपासच्या गावांचे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमले. राखीव जंगलातले लाकूड तोडायचे आणि कायदा मोडायचा, एवढाच बेत. १९२७ च्या वन कायद्यात अशा अपराधाला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही, असे माप लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्या दिवशी गोळीबार झाला. आठ सत्याग्रही गेले. नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण त्यांतला एक. त्या धुमश्चक्रीत एक मामलेदारही प्राणास मुकले. पुस्तकात सहा महिने आणि रानात मरण! दर वर्षी २५ सप्टेंबरला तिथे हुतात्म्यांना पोलीस बंदुकीच्या फैरींची मानवंदना देतात. मी एकदा तो आवाज ऐकला आहे. शेजारी उभी असलेली एक म्हातारी दर फैरीला डोळे मिटून घेत होती.

याच तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पुन्हा गोळीबार झाला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी आपल्या जमिनीचा रास्त मोबदला मागत होते. पाच जण गेले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आमची वसाहत ज्या नगरात उभी आहे ते नगर अशाच मोजून घेतलेल्या आणि मोजून परत केलेल्या जमिनीवर वसले आहे. इथल्या जुन्या माणसांना 'मापून देणे' या शब्दाचा अर्थ माझ्या शब्दकोशाहून अधिक कळतो.

तर मग माप नेमके असले म्हणजे झाले का? तसेही नाही. आपल्याकडे १९५५ पर्यंत फटक्यांची शिक्षा कायद्यात होती. किती फटके मारायचे तेही लिहिलेले: मोठ्या माणसाला तीसहून अधिक नाही, सोळा वर्षांखालच्या मुलाला पंधराहून अधिक नाही. वेताची जाडीसुद्धा ठरलेली. मोजणीत खोट काढायला जागा नाही. पण म्हणून तो न्याय होता असे कोण म्हणेल?

हे लिहिताना माझा हात थोडा थबकतो, कारण मीही मोजूनच मारत असे.

१९८० नंतरची गोष्ट. मी तेव्हा या भागातल्या एका शाळेत नुकता लागलो होतो. आठवीत एक मुलगा रोज उशिरा येई. कधी दहा मिनिटे, कधी वीस. माझा नियम पक्का होता: पाच मिनिटांना एक छडी. पुढे हिशेब नको म्हणून मी सरळ रोजच्या पाच छड्या ठरवून टाकल्या. तो दारात येई, हात पुढे करी, पाच घेई आणि जागेवर जाऊन बसे. रडला नाही, कारण सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही. शिक्षा देताना मला राग नसे. मी स्वतःवर खूष होतो. सगळ्यांना एक नियम, एक माप. कोणी म्हणू नये की मास्तर पक्षपात करतात.

एका रविवारी मी बाजारात मासळी घ्यायला गेलो. पाटीशी बसलेल्या बाईने मला ओळखले. मासळी घालता घालता म्हणाली, "गुरुजी, माझ्या पोराला जरा उशीर होतो, रागावू नका. होडी लागली की पाटी उचलायला तोच असतो. त्याचा बाप नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. छड्यांची गोष्ट त्याने घरी सांगितलीच नव्हती. तिने मला पैशांपेक्षा दोन बांगडे जास्त घातले. मी नको म्हणालो, तरी घातले.

सोमवारी तो आला, दारात उभा राहिला आणि सवयीने हात पुढे केला. मी म्हटले, "बस जागेवर." त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. त्याला ते कळले नाही, एवढेच मला आठवते. क्षमा मागायची असते हे त्या काळी आम्हा मास्तरांना कोणी शिकवलेले नव्हते. नववीनंतर तो शाळेत आला नाही. त्या दिवसापासून मी छडी हातात घेतली नाही असे लिहिले तर गोष्ट छान होईल, पण ते खरे नाही. घेतली, फक्त कमी वेळा, आणि आधी विचारून. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि शाळेत मुलाला मारणे, मानसिक त्रास देणे यांना बंदी आली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ कुरकुर झाली. मी गप्प होतो.

मी मिनिटे मोजली, छड्या मोजल्या. त्याच्या डोक्यावरची पाटी मोजायची राहिली. आपल्या भाषेत 'शिक्षा' आणि 'शिक्षण' एकाच धातूचे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवणेच. माझ्या पाच छड्यांनी त्याला काय शिकवले, हे मी आजतागायत सांगू शकत नाही. मला मात्र शिकवले.

रविवारी कमिटी बसली. मी म्हटले, शिक्षा ठरवण्याआधी मुलांना बोलवा. मुले आली, भिंतीला टेकून रांगेत उभी राहिली. मोटारवाले गृहस्थ हाताची घडी घालून बसले होते. मी मुलांना एवढेच विचारले, की त्या दिवशी खेळत कोण होते? फटका कोणाचा ते सांगू नका. थोडी चुळबुळ झाली आणि सात हात वर झाले. पाच मुलगे, दोन मुली.

"आणि पळालात का?"

कोणी बोलेना. मग सर्वांत लहान होता तो म्हणाला, "काका खूप ओरडतात."

मंडळी हसली. गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांच्या हातांची घडी सुटली. पुढचा हिशेब अर्ध्या तासाचा. काचेचे पैसे विमा कंपनी देणार होती, वरचे नऊशे रुपये गृहस्थांना पडणार होते. ते सात जणांनी आपल्या फटाक्यांच्या पैशांतून भरायचे. महिनाभर दर रविवारी सकाळी सातही जणांनी वाहनतळ झाडायचा. ज्यांनी खेळलेच नाही त्यांना काही नाही. किल्ल्याला कोणी हात लावायचा नाही. आणि मुलांनी खेळायचे कुठे, हे कमिटीने ठरवायचे, कारण नुसती मनाई लिहून चेंडू थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही समाजसेवा ही एक शिक्षा म्हणून आली आहे, हे मी सांगितले, तेव्हा सेक्रेटरीसाहेबांना आपण काळाच्या बरोबर आहोत याचा आनंद झाला.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. सातांपैकी एकाच्या घरी फटाक्यांना पैसेच नव्हते. वडिलांची कंत्राटी नोकरी सुटलेली, हे पोराने सांगितले नाही. मी या वेळी विचारले म्हणून कळले. त्याचा वाटा पैशांत घ्यायचा नाही, एक रविवार जास्त झाडायचा, असे ठरले. यावर एका सदस्यांनी हरकत घेतली, की सर्वांना एकच नियम हवा. मला त्यांच्यात चाळीस वर्षांपूर्वीचा मी दिसलो. वाद झाला, मत पडले, एका मताने आम्ही जिंकलो. ते सदस्य अजून माझ्याशी फारसे बोलत नाहीत.

धनत्रयोदशीला किल्ला पुरा झाला. पायथ्याला करंजाची खाडी म्हणून निळा कागद आणि त्यावर आगपेटीच्या होड्या. मोटारवाल्या गृहस्थांनी संध्याकाळी खाली उतरून बुरुजावर एक पणती ठेवली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी नोटीस लागली. या वेळी इंग्रजीच्या वाटेला न जाता सेक्रेटरींनी ती स्वतःच्या हाताने शुद्ध मराठीत लिहिली होती: वाहनतळात खेळणाऱ्यांची बाजू ऐकून घेण्यात येईल आणि नंतर ज्याच्या त्याच्या चुकीप्रमाणे शिक्षा भेटेल.

नातीने माझ्याकडे पाहिले. पेन्सिल माझ्या खिशातच होती. मी नोटीस दोनदा वाचली, आणि पेन्सिल खिशातच ठेवून वर आलो.